दगडी खल नवा आणलाय? आधी कच काढा, तेलाचं नंतर बघू

नवा दगडी खलबत्ता घरात आला की कुणीतरी विचारतंच, "याला तेल कुठलं चोळायचं?" हा प्रश्न बिडाच्या तव्याच्या सवयीतून येतो. तव्याला तेल लावून तो तापवला की तेलाचा घट्ट थर बसतो आणि तवा तयार होतो. खल काही गॅसवर चढत नाही. त्यामुळे चोळलेलं तेल थर धरत नाही, दगडाच्या बारीक भोकांत जाऊन बसतं आणि ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत लवकरच खवट वास मारायला लागतं. मग त्या खलात कुटलेल्या वेलचीलाही तोच वास.

खल तयार करताना त्याच्यातून काहीतरी काढायचं असतं. टाकीने, म्हणजे छिन्नीने, घडवलेला असो की मशीनवर कोरलेला, दगडाचे कण अर्धवट सुटून तिथेच अडकून राहतात. ती कच पहिल्या ठेच्याबरोबर दाताखाली येऊ नये, एवढ्यासाठी तांदूळ, मीठ, लसूण असा सगळा खटाटोप. पुढची निगा म्हणजे मुख्यतः दगड कोरडा ठेवणं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हेच सगळ्यांत अवघड काम आहे.

घेताना दगड ओळखा

आपल्या मातीतला दगड म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड सह्याद्रीभर पसरलाय. ठाणे आणि नवी मुंबई यांच्यामधली पारसिकची टेकडी त्याचीच, आणि तिथल्या खाणींनी आपल्या इमारतींना खडी पुरवली. आपल्याच जिल्ह्यातलं अंबरनाथचं शिवमंदिर १०६० साली याच दगडात उभं राहिलं. साडेनऊशेहून जास्त पावसाळ्यांत त्यावरची नक्षी झिजली, पण देऊळ उभं आहे. तेव्हा भिजवला तर खल खराब होईल ही भीती मनातून काढून टाका.

बेसॉल्ट सगळा सारखा नसतो मात्र. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोकं राहिली, आणि पुढे काही भोकांत पांढरी किंवा हिरवट खनिजं भरली. काळ्या दगडावर असे पांढरे ठिपके दिसले की विक्रेता "नॅचरल डिझाइन आहे" असं सांगतो. नॅचरल आहे हे खरं, पण ही खनिजं दगडापेक्षा ठिसूळ असतात आणि बत्त्याच्या घावाने हळूहळू सुटत राहतात. बाहेरच्या अंगाला ठिपके असले तर चालतील. आतल्या खोलगट भागात एकसारखा, घट्ट, बारीक पोताचा दगड हवा. वाटाण्याएवढी भोकं आत असतील तर तो खल घेऊच नका, लसूण तिथे जाऊन बसेल आणि निघणार नाही.

ग्रॅनाइट बेसॉल्टइतकाच, किंबहुना थोडा जास्त कठीण. त्याला भोकं जवळजवळ नसतात, त्यामुळे वास धरत नाही आणि धुवायला सोपा जातो. दुकानात मिळणारे मशीनवरचे बहुतेक खल याचेच. अडचण एकच, की दुकानात चमक खपते म्हणून ते आतूनही पॉलिश करून ठेवतात. आतून गुळगुळीत खलात मिरी नुसती गोल फिरते. बाहेरून कितीही चमकू दे, आत बोट फिरवल्यावर खरखरीत लागलं पाहिजे.

संगमरवराचा खल दिसतो छान. वेलची, केशर, मिरी एवढ्यापुरता चालतो. पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की विरघळतो. लिंबू, चिंच, कोकम, कैरी यांतलं काहीही त्यात वाटलं की पृष्ठभाग खातो, आणि खाल्लेला भाग तुमच्या चटणीत जातो. आपल्या जेवणात आंबट कशात नसतं? म्हणून मुख्य खल म्हणून मी संगमरवर सुचवणार नाही. गुलाबी-पिवळसर वालुकाश्माचे खलही कधीकधी दिसतात. ते मुळात वाळूचे कण चिकटून झालेले असतात, कितीही तांदूळ वाटा, कच संपत नाही. सोपस्टोन, म्हणजे दक्षिणेकडची कलचट्टी ज्या दगडाची असते तो, नखानेही ओरखडतो. त्याची भांडी उत्तम होतात, त्याचा खल नको. तेल चोळण्याची आणि पेजेत भिजवण्याची जी कृती सगळीकडे फिरत असते, ती मुळात या भांड्यांची.

आणि मग काळा रंग दिलेला सिमेंटचा माल. तो ओळखायच्या युक्त्या दुकानातच करता येतात. ओल्या पांढऱ्या रुमालाने खलाचं बूड जोरात पुसा. राखाडी धूळ आली तर ठीक, काळा रंग उतरला तर खल परत ठेवा. बुडाकडच्या बाजूला खिळ्याच्या टोकाने रेघ मारा. बेसॉल्ट-ग्रॅनाइटवर खिळ्याचीच चंदेरी रेघ उमटते, सिमेंट आणि संगमरवर ओरखडले जातात. लिंबाचा थेंब बुडावर टाकून कान लावा, बुडबुडे आले की तो चुनखडीच्या जातीचा दगड. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

घरी आणल्यावरही खात्री हवी असेल तर शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व वापरा. काठोकाठ भरलेल्या बादलीत खल सोडा आणि सांडलेलं पाणी मोजा. ६ किलोचा खरा दगडी खल साधारण २ ते सव्वादोन लिटर पाणी बाहेर काढतो, सिमेंटचा अडीच लिटरच्या वर जातो.

वरवंटा किंवा बत्ता खलाच्याच दगडाचा असावा. खलाला बोटांच्या पेरांनी टिचकी मारून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे आत कुठेतरी चीर. आकाराचं म्हणाल तर चौघांच्या घराला आतून सहा इंच व्यास पुरतो. चार इंची खल फक्त चहाच्या आल्याचा. लहान खल घेऊन शेंगदाणे ओटाभर उडवण्यापेक्षा थोडा मोठा घ्या, पण तो भरल्या हातांनी तुम्हाला एकट्याने उचलता यायला हवा, कारण रोज उचलता येत नाही तो खल महिन्याभरात सिंकखाली जातो.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानांतून मशीनचे खल मिळतात. हाताने घडवलेले हवे असतील तर रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे मांडून बसलेल्या पाथरवटांकडून घ्या. त्यांचा खल ओबडधोबड असतो, तयार करायला वेळ जास्त लागतो, आणि वाटायला तोच जास्त चांगला असतो.

पहिली धुलाई

तांदळाकडे धावण्याआधी खल ओलाच असताना घासायचा. कोरडा घासलात तर दगडाची बारीक पूड हवेत उडते, आणि ग्रॅनाइटच्या पुडीत सिलिका असते जी फुप्फुसात जाऊन बसते. एका खलाने कुणाला आजार होत नाही, तरी मुलं घोटाळत असतील तर त्यांना बाजूला करा आणि दगड सतत ओला ठेवा.

ब्रश ताठ केसांचा हवा. नारळाच्या शेंडीची काथ्या त्याहून चांगली. तारेची घासणी नको, तिचे तुकडे दगडाच्या खरखरीत अंगात अडकतात आणि नंतर गंजाचे ठिपके येतात. साबणही आत्ता नको. खलाच्या आतून, काठावरून, बत्त्याच्या डोक्यावरून आणि बुडावरून घासत राहा. पाणी आधी राखाडी गढूळ येईल, मग निवळेल. निवळलं की खल आणि बत्ता दोन्ही रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी बादलीच्या तळाशी गाळ दिसेल. हे पाणी सिंकमध्ये ओतू नका. दगडाची कच जड असते, ती खालच्या पाइपच्या वळणात साचते आणि प्लंबरचा खर्च खलाच्या किमतीच्या वर जातो. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता, गाळ जुन्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

मग दिवसभर वाळवा. पुढची पायरी कोरडी आहे.

तांदूळ

यासाठी बासमती खर्ची घालू नका. किराणा दुकानात तांदळाची कणी मागा, ती स्वस्तही आणि कामालाही बरी. साधा जाडा तांदूळ असेल तर तोही चालतो. उकडा नको, तो चिवट असतो.

एक लहान मूठ कणी खलात घ्या. आधी बत्त्याने हलके कुटा, दाणे फुटले की कुटणं थांबवा आणि रगडायला लागा. बत्ता तळाशी दाबून गोल फिरवायचा, मग हळूहळू भिंतींवर चढवायचा, काठाच्या बोटभर खालपर्यंत. बहुतेक लोक फक्त तळ रगडतात. ठेचा कुटताना लसूण उडून भिंतीवरच आपटतो, त्यामुळे भिंतीवरची कचही तितकीच काढायला हवी. बत्ताही हातात अधूनमधून फिरवत राहा म्हणजे त्याचं डोकं सगळ्या बाजूंनी घासलं जाईल.

पाच-सात मिनिटांत पीठ होतं. पहिलं पीठ राखेच्या रंगाचं येतं. काळ्या बेसॉल्टचं असेल तर चक्क सिमेंटसारखं दिसतं. ते झटकून कोरड्या ब्रशने खल साफ करा आणि दुसरी मूठ घ्या. हे पीठ खिडकीतल्या कबुतरांना टाकू नका. एक तर त्यात दगड आहे, आणि दुसरं, आपल्या टॉवरमध्ये कबुतरांना आमंत्रणाची गरज नाही.

किती वेळा? मशीनवरचा ग्रॅनाइट तीन-चार मुठींत पांढरं पीठ देतो. टाकीने घडवलेला पाषाण आठ-दहा मुठी खातो. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, मनगट दुसऱ्या दिवशी भाकरी थापू देत नाही. दोन-तीन संध्याकाळी वाटून घ्या. पिठाचा रंग नुसत्या नजरेने ठरवू नका, प्रत्येक फेरीचं चिमूटभर पीठ पांढऱ्या ताटलीत ओळीने ठेवा आणि शेजारी मूळ तांदूळ ठेवा. शेवटची चिमूट आणि तांदूळ यांत फरक दिसेनासा झाला की कोरडं काम संपलं.

आता ओलं. मूठभर कणी तासभर भिजवून, निथळून, त्याच खलात गंधासारखी वाटा. ही पायरी पुष्कळजण गाळतात. कोरडं पीठ वरची कच काढतं, ओली पेस्ट खळग्यांत शिरून आतली ओढून आणते. कोरडं पांढरं आलं म्हणून निर्धास्त झालेल्या खलातून ओल्या फेरीत पुन्हा राखाडी छटा येते, हे नेहमीचं. ती जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वेळा, ओलं वाटण करा. अगदी शेवटच्या स्वच्छ फेरीतलं किंचितसं वाटण पुढच्या दातांत धरून बघा. कचकच नसेल तर खल खाण्याच्या कामाला लागला.

मीठ, लसूण, जिरं

या पुढचं काम सोपं. दोन चमचे खडे मीठ कोरडंच रगडून टाकून द्या. मिठाच्या खड्यांना धार असते, उरलंसुरलं ते खरवडून काढतात. बारीक मीठ यासाठी कुचकामी.

मग आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, थोडी मिरी आणि पुन्हा खडे मीठ असं जाडसर वाटून खलाच्या आतून सगळीकडे फासा. तासाभराने कोमट पाण्याने धुवा. याने दगडाला काही कायमचं लागत नाही. ओल्या दगडाचा जो एक मातकट वास असतो तो जातो, आणि खलाला पहिल्यांदा खाण्याचा वास येतो, इतकंच. हे वाटणही टाकून द्यायचं. वाया गेलं म्हणून हळहळत त्याची फोडणी करणारे असतात, त्यांनी निदान दाताखाली काय येतंय त्याकडे लक्ष द्यावं.

तेलाचं आता. काही घरांत शेवटी सुकं खोबरं वाटून घेतात. त्याला माझी हरकत नाही, कारण खोबऱ्यातलं तेल जेमतेम लागतं आणि नंतर खल धुतला जातो. वाटीभर गोडंतेल ओतून उन्हात ठेवण्याची पद्धत मात्र बेसॉल्ट आणि ग्रॅनाइटला सोडून द्या. पुढे शेंगदाणे, तीळ, खोबरं, खसखस वाटत राहिलात की दगड आपोआप जितका मुरायचा तितका मुरतो.

फ्लॅटमध्ये कुटायचं कुठे

जुन्या घरात शहाबादी फरशी, जमिनीवर बसायचं, पायाच्या आधाराने खल धरायचा आणि कुटायचं. आता खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि त्याखाली दुसऱ्याचं छत. टाइलखाली पोकळी राहिली असेल तर खलाच्या हादऱ्याने ती तडकते. टाइलवर टिचकी मारून पोकळ आवाजाची जागा आधी शोधा आणि ती टाळा.

ओट्यावर कुटायचं तर ज्या ठिकाणी ओट्याच्या खाली उभा दगड किंवा भिंतीचा आधार आहे तिथेच. सिंकच्या किंवा शेगडीच्या कापलेल्या भागाजवळ अजिबात नको, ग्रॅनाइटची लादी नेमकी तिथेच कमकुवत असते. कडप्प्याच्या ओट्यावर जास्त जपा, तो थराथरांचा दगड आहे, घाव बसला की पापुद्रा सुटतो. खलाखाली जुना टॉवेल चौपदरी घालून घ्या. गोणपाटाची घडी त्याहून बरी, घसरत नाही. बसून कुटणाऱ्यांनी जाड लाकडी पाटावर गोणपाट आणि त्यावर खल अशी रचना करावी, खालच्या मजल्यावर आवाज बराच कमी जातो. तरीही दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सुंठ कुटू नका. खालच्या काकूंची झोप मोडली तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला तो विषय निघतो.

कुटण्याची रीतही दगडाचं आयुष्य ठरवते. खल एक तृतीयांशाच्या वर भरू नका. रिकाम्या खलात बत्ता आपटायचा नाही, दगडावर दगड बसला की पुन्हा कच सुटते. मुलांना हा खेळ फार आवडतो, म्हणून सांगून ठेवा. आधी कोरडे जिन्नस, मग कठीण, मग ओले. ठेच्याला मात्र आधी लसूण आणि खडे मीठ, मिठाच्या धारेने लसूण पटकन फुटतो, मग भाजलेल्या मिरच्या, शेंगदाणे शेवटी. भाजलेले मसाले पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना ते वाफ सोडतात आणि कुरकुरीत न राहता चिवट होतात. वर्षाचा मसाला मात्र खलात करायच्या फंदात पडू नका. वाशीच्या मसाला मार्केटमधून मिरच्या आणल्या की त्या उन्हं द्यायला गच्चीवर आणि तिथून कांडपावर. खल रोजच्या मूठभर कामासाठी आहे.

रोजचं धुणं

वाटण काढलं की लगेच पाणी घाला. वाळू दिलंत तर दहापट मेहनत. कोमट पाणी, काथ्या, दोन मिनिटं, झालं. कडकडीत उकळतं पाणी गार दगडावर ओतू नका, एकदम तापमान बदललं की लपलेली चीर उघडते. त्याच कारणाने ओला खल ओव्हनमध्ये किंवा गॅसजवळ वाळवायचा नाही, आणि डिशवॉशरमध्येही घालायचा नाही.

साबण वापरायचा की नाही यावर घराघरांत वाद आहेत. माझं मत असं: रोज लागत नाही, आणि भोकं असलेल्या पाषाणाला साबणाचा वास राहतो. शेंगदाण्याचा किंवा खोबऱ्याचा तुपकटपणा असेल तर चमचाभर बेसन कोरडंच चोळा, तेल ओढून घेतं, मग कोमट पाणी. पण मासळीचं, मटणाचं कच्चं वाटण त्यात केलं असेल तर सौम्य साबणाचा एक थेंब घेऊन नीट धुवावं, त्यात काही बिघडत नाही. परंपरेपेक्षा पोट महत्त्वाचं. सुकट किंवा बोंबलाची चटणी वरचेवर होणाऱ्या घरांत तिच्यासाठी वेगळा लहान खल ठेवलेला बरा, नाहीतर पाहुण्यांच्या मसाला दुधात जवळा डोकावतो.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत, घोडबंदर रोडकडे उन्हाळ्यात हे नवं नाही, खलावर पांढरट सायीसारखा थर येतो. तो क्षारांचा. बेसॉल्ट-ग्रॅनाइट असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाची फोड चोळा, दहा मिनिटांनी धुवा. संगमरवराला हा उपाय करायचा नाही, का ते वर आलंच आहे.

पावसाळा

मे महिन्यात धुतलेला खल तासाभरात वाळतो. जुलैत सकाळी धुतलेला संध्याकाळीही गार लागतो, आणि गार लागतोय म्हणजे ओल आहे. ती राहिली की चार दिवसांत बुडाला पांढरी-हिरवी बुरशी धरते. बुडालाच, कारण तिकडे कुणी बघत नाही. खल ओट्यावर सपाट ठेवलेला असतो, खाली हवा जात नाही.

धुतल्यावर फडक्याने आतून-बाहेरून दाबून पुसा. मग खल पूर्ण पालथा न घालता एका बाजूला कलता ठेवा, काठाखाली लाकडी चमचा सरकवला की पुरे. पालथ्या खलाच्या आत ओल कोंडते. वर पंखा सोडा. बत्ता खलात ठेवायची सवय या चार महिन्यांपुरती मोडा, दोघं वेगवेगळे वाळू द्या. कायमची जागा म्हणून तारेची किंवा लाकडी पट्ट्यांची जाळी घ्या, म्हणजे बूड उघडं राहतं. वर झाकायला प्लॅस्टिक नको, सुती फडकं. श्रावणात ऊन पडलं की तासभर उन्हात ठेवा, पण घराच्या आत, खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर. ग्रिलमध्ये किंवा बाल्कनीच्या कठड्यावर पाच-सहा किलोचा दगड ठेवणं हा गुन्हाच समजा, खाली माणसं चालतात.

बुरशी धरलीच तर गरम, उकळतं नव्हे, पाणी आणि काथ्याने घासा, व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा, धुवा, पूर्ण वाळवा, आणि वापरण्याआधी एक मूठ तांदूळ रगडून टाका. लसणाचा किंवा मासळीचा वास बसला असेल तर खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट रात्रभर लावून ठेवा. खवट तेलाच्या वासाला आधी बेसन, मग सोडा, आणि तरीही हटला नाही तर ओले तांदूळ. हळदीच्या डागांच्या मागे लागू नका, ऊन लागलं की हळदीचा रंग आपोआप उडतो.

माळ्यावरचा पाटा आणि टाकी

पुष्कळ घरांत आजीचा पाटा-वरवंटा माळ्यावर असतो. पाचवीच्या पूजेला आणि बारशाला तो खाली येतो, वरवंट्याला नटवून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जातो. तो वापरात आणायला हरकत नाही, नव्या खलापेक्षा तो बहुतेकदा चांगल्या दगडाचा असतो. सोड्याने धुवा, भिजवा, आणि ओल्या तांदळापासून सुरुवात करा. जुना दगड कच फारशी सोडत नाही. त्याची तक्रार उलटी असते, तो वापरून गुळगुळीत झालेला असतो.

गुळगुळीत झाल्याची खूण अशी: खोबरं वाटताना वरवंटा घसरतो, वाटण बारीक होत नाही आणि नुसतं पसरत जातं, भाजलेला शेंगदाणा बत्त्याखालून निसटतो. मग टाकी लावायची वेळ आली. टाकी म्हणजे छिन्नीने पृष्ठभागावर बारीक, जवळजवळ खळगे पाडणं. पूर्वी गल्लीतून ओरडत टाकी लावणारे यायचे, आता टॉवरच्या गेटवर त्यांना कोण सोडणार. रस्त्याच्या कडेला पाटे विकणारे पाथरवट हे काम करून देतात, पाटा तिथे नेता आला पाहिजे. ठोके बारीक आणि दाट हवेत हे आधी सांगा. खोल, विरळ खळग्यांत वाटण अडकून राहतं. खलाला फक्त तळापासून निम्म्या भिंतीपर्यंत टाकी पुरते.

हे काम घरी ग्राइंडर मशीनने करायला जाऊ नका. धूळ प्रचंड उडते, मशीन उलट दगड गुळगुळीत करतं, आणि एखादा कपचा उडाला तर डोळ्यावर येतो. टाकी लावून आणल्यावर खल पुन्हा नवा समजायचा: ओली धुलाई, रात्रभर बादली, कोरडी कणी, ओली कणी, मीठ. कच नव्या खलाइतकीच निघते, मात्र दगड ओळखीचा असल्याने काम लवकर आटोपतं.

काठाचा लहानसा टवका उडाला असेल तर खल टाकायची गरज नाही. ती धार पाणी घालून खडबडीत दगडावर घासून बोथट करा आणि कणीची एक फेरी द्या. आत चीर गेली असेल, म्हणजे पाणी भरून ठेवल्यावर बाहेरून ओलसर रेघ दिसत असेल, तर मात्र तो खाण्याच्या कामातून काढा. चिरेत वाटण सडतं आणि ते धुता येत नाही. अॅराल्डाइटने चिकटवलेला खल कुंडीखाली ठेवायला चालेल, चटणीला नाही.